विममध्ये मराठीसाठी स्वतःचे ऑपरेटर आणि टेक्स्ट ऑब्जेक्ट

विम हा कळांच्या आज्ञांवर चालणारा टेक्स्ट एडिटर उघडा, एक नवी फाइल घ्या आणि त्यात हा नमुना एकाच सलग ओळीत टाइप करा:

मौजा मनसर, ता. रामटेक, जि. नागपूर, प.ह.नं. 12 येथील खसरा क्र. 145 बाबतचा अर्ज तहसीलदारांकडे आला होता. ऑनलाइन अर्जाचा क्रमांक 20240017 आहे. आवेदक ने दस्तावेज़ जमा किए। दुसऱ्या पानावर राष्ट्रीयीकृत बँकेचा दाखला जोडला आहे.

नागपुरात मजकुराचं काम करणाऱ्याला ही भेसळ नवी नाही. पटवारी हलका, खसरा, मौजा हे आपल्याकडचे महसुली शब्द, पावलोपावली टिंब देऊन केलेली संक्षिप्त रूपं, मध्येच एखादं हिंदी वाक्य आणि त्याचा उभा दंड, वर इंग्रजी आकडे. हिवाळी अधिवेशन जवळ आलं की बर्डीवरच्या डीटीपीच्या दुकानांत असल्या फायलींचा ढीग लागतो.

आता कर्सर 'मनसर' या शब्दावर ठेवा आणि डी-आय-एस (म्हणजे 'हे वाक्य काढ') दाबा. विमने पूर्ण वाक्य उडवायला हवं होतं, पण फक्त 'मौजा मनसर, ता.' एवढंच जातं. विमच्या लेखी टिंब, उद्गारचिन्ह किंवा प्रश्नचिन्ह आलं आणि त्यापुढे मोकळी जागा किंवा ओळीचा शेवट असला की वाक्य संपलं. 'ता.' नंतर जागा आहे, म्हणून तिथे वाक्य संपतं. दंड मात्र या यादीत नाही, त्यामुळे हिंदी वाक्य पुढच्या मराठी वाक्याला चिकटून एक होतं. यू दाबून मजकूर परत आणा.

आपण तीन गोष्टी बनवणार आहोत: मराठी वाक्य ओळखणारा टेक्स्ट ऑब्जेक्ट, जोडाक्षर ओळखणारा टेक्स्ट ऑब्जेक्ट, आणि निवडलेल्या भागातले आकडे देवनागरी करणारा ऑपरेटर. ऑपरेटरच्याच सांगाड्यावर दुसरा एक ऑपरेटर दोन ओळींत उभा राहील.

लिहिण्याची पद्धत आधी सांगतो. कळा, ऑप्शन आणि फंक्शन यांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. फाइलमध्ये ती रोमन लिपीतच टाइप करायची, आणि जे नाव इथे एका शब्दात दिलंय ते सलग. चिन्हं जशीच्या तशी आहेत.

कुठे आणि काय

विमचं व्याकरण दोन तुकड्यांचं आहे. ऑपरेटर सांगतो काय करायचं: डी म्हणजे काढा, सी म्हणजे बदला, वाय म्हणजे नकला. त्याच्यामागून येणारं मोशन (कर्सर हलवणारी आज्ञा) किंवा टेक्स्ट ऑब्जेक्ट सांगतं कुठे करायचं. ऑपरेटर आणि मोशनची जोडी बिल जॉयने १९७६ च्या सुमारास लिहिलेल्या व्हीआयपासूनची आहे. टेक्स्ट ऑब्जेक्ट विमचे. ब्राम मोलेनार यांनी विम पहिल्यांदा लोकांसमोर ठेवला तो १९९१ मध्ये. स्वतःचा ऑपरेटर लिहिण्याची अधिकृत सोय, म्हणजे जी@ ही आज्ञा आणि ऑपरेटरफंक हा ऑप्शन, २००६ च्या विम ७.० मध्ये आली. म्हणजे सर्व्हरवर सापडणाऱ्या जुन्या विममध्येही मूळ युक्ती चालते. खाली मी विम ९ गृहीत धरलाय, कारण फंक्शनच्या काही सोयी नव्या आहेत.

जाता जाता: काकून आणि हेलिक्स या एडिटरांत हा क्रम उलटा आहे. तिथे आधी निवड करायची आणि मग क्रिया. 'हे वाक्य काढ' असं बोलणाऱ्या माणसाला तो क्रम खरं तर जवळचा वाटावा. पण बोटांना डी-आय-डब्ल्यूची (शब्द काढण्याची आज्ञा) सवय लागली की व्याकरणाचं कोणी ऐकत नाही.

या दोन तुकड्यांत सरमिसळ करू नका, एवढं एकच मी आग्रहाने सांगेन. 'सध्याच्या वाक्यातले आकडे देवनागरी कर' असा एकच शॉर्टकट बनवायचा मोह होतो. बनवलात तर तो तेवढ्याच कामाचा राहतो. वाक्याचा ऑब्जेक्ट वेगळा आणि आकड्यांचा ऑपरेटर वेगळा ठेवलात, तर वाक्य काढता येतं, नकलता येतं, आकडे परिच्छेदात किंवा कंसात बदलता येतात, आणि यातल्या कशासाठीही वेगळी ओळ लिहावी लागत नाही. 'कुठे'ची गोष्ट असेल तर ऑब्जेक्ट, 'काय'ची असेल तर ऑपरेटर.

तयारी

होम फोल्डरमधल्या विमच्या फोल्डरात प्लगइन नावाचा फोल्डर करा आणि त्यात 'मराठी' नावाची, विम एक्स्टेंशनची फाइल ठेवा. विम सुरू होताना ती आपोआप वाचतो. पहिल्या ओळीत स्क्रिप्टएन्कोडिंग यूटीएफ-८ लिहा. आपण स्क्रिप्टच्या आतच देवनागरी अक्षरं लिहिणार आहोत, म्हणून ही ओळ हवी.

कीबोर्डकडेही लक्ष द्या. इनस्क्रिप्ट चालू असताना नॉर्मल मोडमध्ये (जिथे कळा म्हणजे आज्ञा असतात) डी-आय-डब्ल्यूच्या कळा दाबल्या तर विमला हलन्त, ग आणि ऐकाराची मात्रा मिळते, आणि त्याला त्यातून काही बोध होत नाही. इन्सर्ट मोडमधून बाहेर पडताना कीबोर्ड इंग्रजीवर आणायची सवय लावा. किंवा विमच्या कीमॅप ऑप्शनसाठी स्वतःची फाइल लिहून इन्सर्ट मोडमध्ये कंट्रोल-^ ने अदलाबदल करा. दुसरा मार्ग सुरुवातीला कटकटीचा आहे, पण रोजचं काम असेल तर तोच घ्या.

पहिला ऑब्जेक्ट: ओळीचा गाभा

हात बसावा म्हणून अगदी लहान वस्तू घेऊ: ओळीतला मजकूर, पुढची-मागची मोकळी जागा सोडून. कळा आय-एल.

मॅपिंग, म्हणजे कळांना काम जोडून देणारी ओळ, अशी लिहायची: आधी ओनोरीमॅप (नोरीमॅपच्या आधी ओ हे अक्षर), मग आय-एल, मग अपूर्णविराम, त्याला लागून <सी-यू>, मग नॉर्मल!, मग या कळा: ^, व्ही, जी_. शेवटी <सीआर>. हीच ओळ पुन्हा लिहा, पण सुरुवातीला एक्सनोरीमॅप घ्या.

यातला प्रत्येक तुकडा कशासाठी आहे ते कळलं की पुढचं सोपं जातं. ओनोरीमॅप ऑपरेटर दाबून झाल्यावर, विम 'कुठे?' विचारत थांबलेला असतो तेव्हा लागू होतो. एक्सनोरीमॅप व्हिज्युअल मोडसाठी. इथे अनेक जण व्हीनोरीमॅप लिहितात. ते सिलेक्ट मोडलाही लागू होतं, आणि स्निपेट भरताना आय-एल टाइप केलं की मजकुराऐवजी निवड होऊन बसते. म्हणून एक्सच. <सी-यू> आज्ञेच्या ओळीवर आपोआप आलेली रेंज पुसतो. नॉर्मलनंतरचं उद्गारचिन्ह विसरू नका, नाहीतर तुमच्या इतर मॅपिंग या कळांवर बसतील आणि दोष शोधत रात्र जाईल. ^ पहिल्या अक्षरावर नेतो, व्ही निवड सुरू करतो, जी_ शेवटच्या अक्षरापर्यंत जातो.

सगळ्या टेक्स्ट ऑब्जेक्टांचा पाया हाच आहे: ऑपरेटर वाट पाहत असताना तुमचं मॅपिंग जर व्हिज्युअल निवड करून संपलं, तर ऑपरेटर त्या निवडीवर चालतो. म्हणजे टेक्स्ट ऑब्जेक्ट लिहायचा म्हणजे 'योग्य तेवढं निवड' एवढंच लिहायचं.

मराठी वाक्य

आता खरं काम. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक फायली वर्डमधून आलेल्या असतात आणि त्यांत एक परिच्छेद म्हणजे एक लांबलचक ओळ असते. म्हणून वाक्य ओळीच्या बाहेर जात नाही असं धरू. यामुळे निम्मी गुंतागुंत जाते. ज्यांच्या फायलीत ओळी मध्येच तोडलेल्या असतात त्यांनी आधी परिच्छेद मोठ्या जे या आज्ञेने जोडून घ्यावेत.

आधी वाक्याच्या शेवटाचा पॅटर्न एका स्क्रिप्ट व्हेरिएबलमध्ये ठेवा. त्याचे दोन पर्याय आहेत. पहिला: टिंब, पण त्याच्या लगेच आधी संक्षिप्त रूप नको. दुसरा: दंड, प्रश्नचिन्ह किंवा उद्गारचिन्ह यांपैकी एक, चौकटी कंसात. दोन्हीनंतर बंद होणारं अवतरणचिन्ह किंवा कंस कितीही वेळा चालेल.

संक्षिप्त रूपांचा गट असा: ता, जि, क्र, नं, डॉ, प्रा, रु, पु, आणि तुमच्या कामात येतील ती. प्रत्येकामध्ये बॅकस्लॅश आणि उभी रेघ. हा गट बॅकस्लॅश-%( आणि बॅकस्लॅश-) मध्ये ठेवा, गटाच्या आधी बॅकस्लॅश-< लावा, आणि सगळ्याला आणखी एका तशाच कंसात घालून मागे बॅकस्लॅश-@<! लावा. मग बॅकस्लॅश-टिंब. अर्थ: हे टिंब, पण त्याच्या आधी यादीतला आख्खा शब्द नसेल तरच.

बॅकस्लॅश-< म्हणजे शब्दाची सुरुवात, आणि मराठीत ती फार महत्त्वाची आहे. ती गाळली तर 'आला होता.' मधल्या टिंबाआधीही 'ता' आहेच, आणि मराठीत 'ता' ने संपणारी वाक्यं पोत्याने सापडतात. होता, येता, माता, सत्ता: कोणाचंच वाक्य संपणार नाही. 'चक्र.' चंही तेच. विम देवनागरी अक्षरांना शब्दातली अक्षरं मानतो, त्यामुळे बॅकस्लॅश-< इथे नीट चालतो. 'प.ह.नं.' लाही अडचण येत नाही, कारण 'नं' च्या आधीचं टिंब विरामचिन्ह आहे, तिथे नवा शब्द सुरू होतो. आतल्या टिंबांपुढे जागाच नसल्यामुळे ती मुळात हिशेबात येत नाहीत.

बॅकस्लॅश-डब्ल्यू मात्र कुठेही वापरू नका. तो फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि खालची रेघ ओळखतो. देवनागरी त्याला दिसत नाही. शब्दातलं अक्षर हवं असेल तिथे बॅकस्लॅश-के.

आता सुरुवातीचा पॅटर्न: ओळीची सुरुवात आणि तिथली मोकळी जागा, किंवा वाक्याचा शेवट आणि त्यापुढे किमान एक मोकळी जागा, मग बॅकस्लॅश-झेडएस, मग बॅकस्लॅश आणि मोठा एस, म्हणजे मोकळी जागा नसलेलं कोणतंही अक्षर. झेडएसमुळे जुळणी त्या अक्षरापासून सुरू झाली असं विम मानतो. शेवट शोधण्याचा पॅटर्न: वाक्याचा शेवट, बॅकस्लॅश-झेडई, मग मोकळी जागा किंवा ओळीचा शेवट. त्याला पर्याय म्हणून ओळीतलं शेवटचं अक्षर जोडा, म्हणजे टिंब विसरलेल्या वाक्यालाही शेवट मिळतो.

फंक्शन तीन ओळींचं होतं. पहिल्या ओळीत सर्च फंक्शनला सुरुवातीचा पॅटर्न द्या, फ्लॅग बी-सी-डब्ल्यू (शेवटचा डब्ल्यू मोठा), आणि तिसरा आर्ग्युमेंट म्हणून सध्याच्या ओळीचा क्रमांक. बी म्हणजे मागे शोध, सी म्हणजे कर्सरखालचीही जुळणी चालेल, मोठा डब्ल्यू म्हणजे फाइलच्या टोकावरून वळसा घालू नकोस, आणि ओळीचा क्रमांक म्हणजे इथेच थांब. दुसऱ्या ओळीत नॉर्मल! व्ही. तिसऱ्या ओळीत पुन्हा सर्च, शेवटाचा पॅटर्न, फ्लॅग सी-ई-डब्ल्यू (इथेही डब्ल्यू मोठा), आणि तिसरा आर्ग्युमेंट तोच. ई मुळे कर्सर जुळणीच्या शेवटच्या अक्षरावर जातो.

मॅपिंग आधीसारखंच, फक्त नॉर्मलच्या जागी कॉल आणि फंक्शनचं नाव. कळा मी आय-व्ही घेतल्या आहेत, व्ही वाक्याचा. ए-व्ही मध्ये वाक्यानंतरची मोकळी जागाही घ्यायची असते. त्यासाठी शेवटाच्या पॅटर्नमधला झेडई काढून त्याजागी 'मोकळी जागा, कितीही' जोडा. वाक्य काढताना ए-व्ही, बदलताना आय-व्ही.

फाइल साठवा, सोर्स करा (म्हणजे विमला ती पुन्हा वाचायला लावा) आणि 'मनसर' वरून डी-ए-व्ही दाबा. आता 'आला होता.' पर्यंत सगळं जाईल. यू दाबून परत आणा, पुढच्या वाक्यावर जाऊन नुसतं टिंब दाबा: विम जुना मजकूर मोजत नाही, नव्या जागी वाक्य पुन्हा शोधतो.

एक मर्यादा राहते. रिकाम्या ओळीवर फंक्शनला काहीच सापडत नाही, आणि तिथे सी-आय-व्ही दाबलंत तर विम एका अक्षराची निवड धरून इन्सर्ट मोडमध्ये जाईल. पहिल्या सर्चने शून्य परत केलं तर रिटर्न, एवढी ओळ घाला, म्हणजे व्ही तरी सुरू होत नाही.

जोडाक्षर

'राष्ट्रीयीकृत' मधल्या 'ष्ट्री' वर कर्सर ठेवून एक्स दाबा. 'ष्' तेवढा जातो आणि 'राट्रीयीकृत' उरतं. विम मात्रा, अनुस्वार आणि हलन्त यांना आधीच्या व्यंजनाला चिकटलेली चिन्हं मानतो, पण हलन्ताने पुढच्या व्यंजनाशी जोडणी होते हे त्याला माहीत नाही. त्याच्या हिशेबी 'ष्ट्री' म्हणजे ष्, ट्, री असे तीन खण. अनेक टर्मिनल हे खण तसेच सुटे दाखवतात, त्यामुळे लिहिणाऱ्याच्या मनात असतं एक आणि पडद्यावर दिसतं दुसरं.

इथे पॅटर्नच्या वाटेला मी जात नाही. चिकटलेली चिन्हं पॅटर्नमध्ये सुटी पकडायला गेलात की विम भलतीच उत्तरं देतो. सरळ यादी करून चालत जाणं बरं.

फंक्शनमध्ये गेटलाइनने ओळ घ्या आणि स्प्लिट फंक्शनने, बॅकस्लॅश-झेडएस हा पॅटर्न देऊन, तिची खणांची यादी करा. प्रत्येक घटकात व्यंजन आणि त्याला चिकटलेलं सगळं येतं. आता कर्सर कितव्या घटकावर आहे ते काढायचं. इथे हमखास घोळ होतो: विमचा कॉलम बाइटमध्ये असतो, अक्षरांत नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. 'मौजा' या शब्दाचे बारा बाइट होतात. म्हणून यादीतून पुढे जात प्रत्येक घटकाची लेन बेरजेत टाका, आणि ही बेरीज कॉलम वजा एक पेक्षा जास्त झाली की तोच तुमचा घटक. लेन बाइट मोजतं, स्ट्रचार्स अक्षरं. इथे लेनच हवं.

मग एक लहान नियम: शेजारच्या दोन घटकांपैकी डावीकडच्यात हलन्त असेल, किंवा डावीकडचा घटक म्हणजे झिरो विड्थ जॉइनर (अक्षरं जोडणारं, न दिसणारं चिन्ह) असेल, तर दोन्ही एकाच अक्षराचे. हलन्ताचा युनिकोड क्रमांक 094 आणि पुढे इंग्रजी डी, जॉइनरचा 200 आणि पुढे डी. स्ट्रआयडीएक्सने हलन्त आहे का ते पाहा. उजवीकडचा घटक मोकळी जागा असेल तर मात्र जोडू नका, नाहीतर पाय मोडून संपणाऱ्या शब्दापुढची जागाही निवडीत येते.

या नियमाने कर्सरच्या घटकापासून डावीकडे जमेल तितकं सरका, मग उजवीकडे. दोन्ही टोकांच्या आधीच्या घटकांच्या लेनची बेरीज अधिक एक म्हणजे कॉलम. कर्सर फंक्शनने पहिल्या टोकावर जा, नॉर्मल! व्ही, मग दुसऱ्या टोकावर. कळा आय-जे. ए-जे मी केलाच नाही. जोडाक्षराच्या भोवती घेण्यासारखं काही नसतं.

आता 'ष्ट्री' च्या कोणत्याही खणावर सी-आय-जे दाबलं की आख्खं अक्षर जातं. मुद्रितशोधन करणाऱ्याला हा ऑब्जेक्ट दिवसभर लागतो.

ऑपरेटर: आकडे

छपाईच्या मराठी मजकुरात आकडे देवनागरी हवेत. पण सगळ्या फाइलवर एकदम बदल करता येत नाही: नमुन्यातला 12 आणि 145 बदलायचे आहेत, ऑनलाइन अर्जाचा क्रमांक तसाच ठेवायचा आहे, कारण तो कोणीतरी पोर्टलवर टाकून शोधणार. आयएसबीएन, ईमेल, वेबपत्ते यांचंही तेच. कोणता आकडा बदलायचा हे माणूस ठरवतो, म्हणून इथे ऑपरेटरच हवा.

जी@ चं काम असं चालतं. तुम्ही जी@ आणि मोशन दाबलं की विम त्या मोशनचा मजकूर ठरवतो, सुरुवातीला '[ ही खूण आणि शेवटी '] ही खूण ठेवतो, आणि ऑपरेटरफंकमध्ये ज्या फंक्शनचं नाव असेल त्याला हाक मारतो. सोबत एकच आर्ग्युमेंट देतो: लाइन, कॅर किंवा ब्लॉक (कॅर म्हणजे सी-एच-ए-आर). बाकी सगळं तुमच्यावर.

अनेक जण या खुणांमधल्या ओळींवर सबस्टिट्यूट चालवून मोकळे होतात. ते चुकीचं आहे. सबस्टिट्यूट ओळी पाहतो, कॉलम नाही. वाक्यापुरतं सांगितलं तरी त्या ओळीतला अर्जाचा क्रमांकही बदलून जाईल. आपल्या एका ओळीच्या परिच्छेदांत तर आख्खा परिच्छेद.

बरोबर क्रम हा. गेटरेगइन्फोने बिननावाचं रजिस्टर (नकललेला किंवा काढलेला मजकूर विम जिथे ठेवतो ती जागा) जपून ठेवा. सिलेक्शन आणि क्लिपबोर्ड या ऑप्शनांच्या किमतीही. मग सिलेक्शन इन्क्लुझिव्ह करा आणि क्लिपबोर्ड रिकामा. क्लिपबोर्ड रिकामा न करता पुढे गेलात तर ज्यांनी तो सिस्टिमशी जोडलाय त्यांचा मजकूर दुसऱ्याच रजिस्टरमध्ये जाईल. आता आर्ग्युमेंटनुसार निवड करा: कॅर असेल तर `[, व्ही, `], लाइन असेल तर '[, मोठा व्ही, '], ब्लॉक असेल तर `[, कंट्रोल-व्ही, `]. हे एक्झिक्यूट आणि नॉर्मल! ने चालवा आणि शेवटी वाय जोडा. मजकूर रजिस्टरमध्ये आला.

त्यावर टीआर फंक्शन चालवा: पहिला आर्ग्युमेंट गेटरेगचा मजकूर, दुसरा 0123456789, तिसरा ०१२३४५६७८९. टीआर पहिल्या यादीतलं अक्षर दुसरीतल्या त्याच जागेवरच्या अक्षराने बदलतो, आणि देवनागरी अक्षरं त्याला चालतात. निकाल सेटरेगने परत रजिस्टरमध्ये ठेवा, पण तिसरा आर्ग्युमेंट म्हणून आधीचा गेटरेगटाइप द्या, नाहीतर ब्लॉकची निवड साध्या मजकुरासारखी परत चिकटेल. मग नॉर्मल! जी-व्ही-पी: तीच निवड पुन्हा, आणि तिच्या जागी रजिस्टर. शेवटी `[ म्हणजे कर्सर सुरुवातीला येतो, विमचे स्वतःचे ऑपरेटर वागतात तसं. जपून ठेवलेलं सगळं परत करा. हे काम ट्राय-फायनलीच्या फायनलीत ठेवा, मध्ये काही बिघडलं तरी लोकांची सेटिंग मोडता कामा नयेत.

फंक्शनच्या सुरुवातीला एक गोष्ट जोडा: आर्ग्युमेंट रिकामा असेल तर ऑपरेटरफंक म्हणून स्वतःचं नाव लिहा आणि जी@ ही दोन अक्षरं रिटर्न करा. म्हणजे तेच फंक्शन सुरुवातही करतं आणि कामही. नाव मोठ्या रोमन अक्षराने सुरू झालं पाहिजे.

मॅपिंग तीन. एननोरीमॅप, <एक्सप्र>, लीडर-ए (लीडर म्हणजे स्वतःच्या मॅपिंगसाठी राखून ठेवलेली कळ), आणि फंक्शनला रिकामी हाक. एक्सनोरीमॅप, तसंच. आणि पूर्ण ओळीसाठी लीडर-ए-ए, ज्यात फंक्शनच्या निकालाला '_' जोडायचं. ते सध्याच्या ओळीचं मोशन आहे, आणि त्यामुळे डी-डी सारखी दुप्पट कळ मिळते.

आता पहिल्या वाक्यावर लीडर-ए-आय-व्ही दाबा. 12 चा १२ होतो, 145 चा १४५, आणि शेजारच्या वाक्यातला क्रमांक जागचा हलत नाही. नवा ऑपरेटर, नवा ऑब्जेक्ट, आणि दोघांनी एकमेकांचं नावही ऐकलेलं नाही.

उलट दिशेचा ऑपरेटर वेगळा करा. एकच कळ दोन्हीकडे फिरवणारा बनवू नका: निम्मे आकडे बदललेल्या वाक्यावर तो उरलेले सरळ करतो आणि झालेले उलटे.

इंजिन वेगळं काढा

दुसऱ्या ऑपरेटरसाठी वरचं सगळं पुन्हा लिहिणं वेडेपणा आहे. फक्त टीआरची ओळ बदलते. म्हणून एक स्क्रिप्ट व्हेरिएबल ठेवा ज्यात 'मजकूर घे, मजकूर दे' असं लॅम्डा (बिननावाचं छोटं फंक्शन) असेल, आणि टीआरच्या जागी त्याला हाक मारा. सुरुवात करणारं फंक्शन आर्ग्युमेंट म्हणून लॅम्डा घेईल, व्हेरिएबलमध्ये ठेवेल, ऑपरेटरफंक लावेल आणि जी@ परत करेल. यापुढे नवा ऑपरेटर म्हणजे एक लॅम्डा आणि मॅपिंग.

माझा दुसरा ऑपरेटर 'दुसऱ्या' साठी आहे. या शब्दातला अर्धा र दोन प्रकारे साठवलेला सापडतो: ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण एक शोधला तर दुसरा सापडत नाही. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेल्या फायलींत दोन्ही एकत्र नांदतात. शंका आली तर अक्षरावर कर्सर ठेवून जी-ए दाबा. विम चिन्हांचे क्रमांक दाखवतो. जॉइनरला विम शब्दाचा भाग न मानता विरामचिन्ह मानतो, म्हणून अशा शब्दावर आय-डब्ल्यू मध्येच तुटतो. लॅम्डामध्ये सबस्टिट्यूट फंक्शन घ्या आणि 0930, हलन्त, जॉइनर या क्रमाच्या जागी 0931 आणि हलन्त ठेवा, फ्लॅग जी. हा ऑपरेटर बिनधास्त आख्ख्या फाइलवर चालवता येतो: जीजी, मग ऑपरेटर, मग मोठा जी.

टिंबाची खोड

टिंब दाबून पुनरावृत्ती आपोआप मिळते, कारण विम जी@ आणि मोशन लक्षात ठेवतो, आणि फंक्शनच्या आत चाललेल्या आज्ञा टिंबाच्या आठवणीत शिरत नाहीत. पण फंक्शन कोणतं हे तो ऑपरेटरफंकमधूनच वाचतो, आणि ते सगळ्या ऑपरेटरांचं सामायिक आहे. आकड्यांचा ऑपरेटर चालवला, मग अर्ध्या र चा सुरू करून एस्केपने रद्द केला, आणि टिंब दाबलं, तर जुन्या मोशनवर नवं फंक्शन चालतं. दोष शोधू नका, विमचा स्वभाव तसा आहे. रद्द केल्यावर टिंब न दाबता ऑपरेटर पूर्ण टाइप करायचा.

एखादा ऑब्जेक्ट चालतच नसेल तर आधी अपूर्णविरामाच्या ओळीवर व्हर्बोज ओमॅप आय-व्ही लिहून पाहा. मॅपिंग शेवटचं कुठल्या फाइलने केलं ते विम सांगतो. बहुतेक वेळा एखाद्या प्लगइनने त्याच कळा आधीच घेतलेल्या असतात. कळा आहेत पण निवड चुकीची होते असं असेल तर व्हिज्युअल मोडमध्ये व्ही-आय-व्ही करून डोळ्यांनी पाहा. ऑपरेटर बिघडलाय की ऑब्जेक्ट, हे तिथेच कळतं.

निओविम (विमपासून निघालेला एडिटर) वापरणाऱ्यांना वरचं विमस्क्रिप्ट सहसा तसंच वापरता येतं. लुआ भाषेत लिहायचं असेल तर मॅपिंगसाठी कीमॅप-सेटला ओ आणि एक्स हे दोन्ही मोड एकाच यादीत देता येतात, आणि ऑपरेटरफंकमध्ये फंक्शनच्या नावाआधी व्ही, अपूर्णविराम, लुआ, टिंब असा उपसर्ग लावायचा. फंक्शन ग्लोबल ठेवा, लोकल केलंत तर त्या नावाने विमला ते सापडत नाही. खुणा, आर्ग्युमेंट आणि टिंबाची खोड तिकडेही हीच.